दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये आरोग्यविमा कसा बसवायचा

कुपवाड एमआयडीसीत आमचं लेथ-मिलिंगचं वर्कशॉप आहे. पगारपत्रक मी बघते, त्यामुळे कामगारांच्या दवाखान्याचा विषयही आधी माझ्याच टेबलावर येतो. नवीन शेड टाकणारे विचारत असतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी माणसं मोजा. कंत्राटदाराकडून येणारे हेल्परही धरायचे. कारखान्यात १० जण झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्यविमा, लागू होतं आणि १५ दिवसांत ऑनलाइन नोंदणी करायची असते. पुढे माणसं घटली तरी ती सुटत नाही.

मग हिशेब. पगार १८,००० असेल तर मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये, कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. या ७२० रुपयांत बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगारही मिळतो. नोंदणी करतानाच घरच्यांची नावं, आधार नंबर घालून घ्या. नाहीतर ॲडमिट करायच्या वेळी पळापळ होते.

“खासगी ग्रुप पॉलिसी काय वाईट?” असं विचारतात. बारा जणांच्या गटात एकाची बायपास झाली की पुढच्या वर्षी हप्ता चढतो. सरकारी विम्यात तो भार देशभरच्या कामगारांत वाटला जातो, माझ्या शेडमध्ये कोण आजारी पडलं यावर दर ठरत नाही. मशीनमध्ये हात सापडला तर भरपाई ईएसआय देतं, मालकाला कर्ज काढावं लागत नाही. आणि सगळ्यांनाच वर्गणी लागू असली तर ती चुकवून कोटेशन पाडणाऱ्याशी झुंजावं लागत नाही. म्हणून मला तर वाटतं, हा विमा सरकारनं सरसकट सगळ्यांना द्यावा. मालकाच्या दारातून जायची गरजच पडू नये.

कारण खरी अडचण २१,००० च्या मर्यादेची आहे. २०१७ पासून ती तीच आहे. महिन्याचा पगार त्याच्या वर गेला की वर्गणीची चालू सहामाही संपल्यावर माणूस विम्यातून बाहेर. आमचा एक सेटर म्हणाला होता, “वहिनी, पगारवाढ राहू द्या, आईचं डायलिसिस चालू आहे.” चांगल्या कारागिराला असं म्हणावं लागतं, हे मला फार लागतं.

अशांसाठी आणि १० पेक्षा कमी माणसं असलेल्यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून पांढरं रेशनकार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्डावर सुनेचं, नव्या बाळाचं नाव चढलंय का, हे आजच बघायला सांगा. मात्र ही योजना ठरलेल्या उपचारांपुरतीच आहे, साध्या तापाला उपयोगाची नाही. मिरजेत दवाखाने उदंड, पण प्रत्येकच योजनेत नसतो. भरती करण्याआधी १५५३८८ वर फोन लावा किंवा रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गाठा आणि उपचार यादीत आहे का, हे विचारून घ्या.