प्रेग्नन्सी आणि परजीवी इन्फेक्शन: घाबरण्याच्या आणि दुर्लक्ष करण्याच्या या चुका टाळा

टॉर्च टेस्टच्या (बाळाला धोकादायक ठरू शकणाऱ्या काही इन्फेक्शन्सच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टवर टॉक्सोप्लाझ्मा या मांजरीच्या विष्ठेतून आणि कच्च्या मांसातून पसरणाऱ्या परजीवीसमोर आयजीजी (लागणीनंतर रक्तात टिकून राहणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह दिसलं की पायाखालची जमीनच सरकते, आणि आधी एखादं मिसकॅरेज झालेलं असेल तर त्याचं खापरही लगेच यावरच फोडलं जातं. सगळ्यात मोठी चूक हीच. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम (लागण झाल्यावर आधी दिसणारी अँटीबॉडी) निगेटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा लागण जुनी आहे, आणि इम्युनिटी नॉर्मल असेल तर जुनी लागण बाळापर्यंत सहसा पोचत नाही, पुन्हा पुन्हा होणाऱ्या मिसकॅरेजचं कारणही सहसा ती नसते. खरा धोका प्रेग्नन्सीत पहिल्यांदाच लागण झाली तर. सुरुवातीच्या महिन्यांत ती बाळापर्यंत पोचायची शक्यता कमी, पण पोचली तर नुकसान मोठं, मिसकॅरेजसुद्धा होऊ शकतं.

आयजीएम पॉझिटिव्ह आलं तरी प्लीज, त्या एका कागदावरून अबॉर्शनचा निर्णय घेऊ नका! ते कित्येक महिने, कधी वर्षभराहून जास्त पॉझिटिव्ह राहतं, फॉल्स पॉझिटिव्हही येतं. डॉक्टरांना आयजीजी अव्हिडिटी टेस्टबद्दल (अँटीबॉडी किती घट्ट चिकटते यावरून लागण जुनी का ते बघणारी) विचारा, पहिल्या तीन महिन्यांत ती हाय आली तर लागण बहुधा दिवस राहण्याच्या आधीची. लो आली म्हणून नवीनच असं मात्र नाही. लागण नवीन वाटली तर स्पायरामायसिन हे औषध सुरू करतात आणि 18 आठवड्यांनंतर गर्भजलाची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) करून बाळाला लागण झाली आहे का ते बघतात.

आता मांजर. मांजर घराबाहेर काढायची अजिबात गरज नाही, बिचारीचा काय दोष. तिच्या विष्ठेतली अंडी लागण करण्याइतकी तयार व्हायला 1 ते 5 दिवस लागतात, त्यामुळे तिचा लिटर बॉक्स (शी-शूचा डबा) रोज दुसऱ्या कुणीतरी साफ केला आणि तिला कच्चं मांस दिलं नाही की बरंचसं काम झालं. आपण मात्र मांजरीला हाकलतो आणि अर्धवट शिजलेलं मांस खातो, मांस कापलेल्या बोर्डवरच सॅलड चिरतो, कुंडीतली माती उकरून हात नुसते पुसतो... लागण जास्त करून इथूनच होते. खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअस तापला पाहिजे, वरून रंग बदलला एवढं बघून चालत नाही.

आणि मलेरियाकडे तर लक्षच जात नाही. मलेरियाच्या भागात राहत असाल किंवा तिथून आला असाल आणि ताप आला, तर पॅरासिटामॉलवर दिवस काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. फाल्सिपेरम या मलेरियाच्या गंभीर प्रकाराचे परजीवी वारेत (प्लॅसेंटात) साचून राहतात, त्यामुळे रक्ताची पहिली स्लाइड निगेटिव्ह येऊ शकते, ताप असेल तर टेस्ट परत करायला सांगा. यातही मिसकॅरेज होतं आणि आईचं हिमोग्लोबिनही झपाट्याने उतरतं.

जंताची गोळी मनाने घेऊ नका, अल्बेंडाझोल पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, नंतर लागलीच तर डॉक्टर देतील.