फॉरमॅट मारण्याआधी

डेस्कटॉपवरचे आयकॉन मध्येच गायब होतात, टास्कबार जातो, फोल्डर उघडलं की वरची हिरवी पट्टी सरकतच राहते. पेठांमधल्या डीटीपीच्या दुकानांत दहा-बारा वर्षं जुन्या मशीनवर काम करणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. मग कुणीतरी सांगतं, ‘फॉरमॅट मारा.’ इतक्यात मारू नका. विंडोजमध्ये डेस्कटॉप, टास्कबार आणि फाइल एक्सप्लोरर एकाच प्रोग्रामवर चालतात. तो पडला की तिन्ही एकदम जातात आणि सगळं मशीनच गेल्यासारखं वाटतं. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट क्लिक करून रीस्टार्ट द्या. आयकॉन परत आले, तर तेवढ्या वेळात पुढची तयारी करा.

सगळ्यात आधी बॅकअप, आणि तो बाहेरच्या डिस्कवर. सी, डी, ई हे बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कचे भाग असतात, त्यामुळे डीमध्ये केलेली कॉपी डिस्क गेली की तिच्याबरोबरच जाते. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलीही सीमध्येच असतात. फॉन्ट विसरू नका. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेल्या पत्रिका आणि अहवाल त्या फॉन्टशिवाय नुसती अगम्य अक्षरं दाखवतात. कॉपी करताना एक्सप्लोररच अडकत असेल, तर कमांड प्रॉम्प्टमधून रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची कमांड वापरा, पण त्यातले आर आणि डब्ल्यू हे स्विच १ वर ठेवा (/R:1 /W:1). ते दिले नाहीत, तर वाचता न येणाऱ्या एकाच फाइलसाठी रोबोकॉपी १० लाख वेळा प्रयत्न करतं, तेही दर वेळी ३० सेकंद थांबून.

मग डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीतली ‘रॉ व्हॅल्यू’ बघा. तिथे शून्याशिवाय काही दिसलं, तर डिस्कला वाचता येत नाहीत असे भाग तयार झालेत. तेव्हा चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवून तिला आणखी ताण देऊ नका, डेटा काढा आणि डिस्क बदला. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज जाते, आणि यूपीएस नसलेलं मशीन चालू असताना ती गेली की फाइल सिस्टीम बिघडू शकते. डिस्क ठणठणीत असेल आणि संशय फक्त याचाच असेल, तर मात्र चेकडिस्क जरूर चालवा.

रॅमची परीक्षा रात्रभर मेमटेस्ट लावून करा. एकही एरर आली, तर मशीन बंद करून विजेची वायर काढा, रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, परत बसवा आणि टेस्ट पुन्हा लावा.

इथवर सगळं ठीक निघालं, तर दोष सॉफ्टवेअरचा. विंडोज बिघाडांची नोंद ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘अॅप्लिकेशन’खाली १००० नंबरची एरर शोधा. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एका फाइलचं नाव असतं, आणि गुन्हेगार पुष्कळदा तीच असते. राइट क्लिक केल्यावरच अडकत असेल, तर झिप, अँटिव्हायरस, क्लाउड यांनी त्या मेनूत घुसवलेल्या ओळी शेलएक्सव्ह्यू या मोफत सॉफ्टवेअरने एकेक करून बंद करा. व्हिडिओच्या फोल्डरमध्येच अडकत असेल, तर फोल्डर ऑप्शनमधून थंबनेल बंद करा. नवं यूजर अकाउंट काढून बघणंही माझ्या मते फार उपयोगी आहे. तिथे सगळं सुरळीत चाललं, तर जुनं प्रोफाइल बिघडलंय आणि विंडोजला हात लावायची गरज नाही.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे कधीतरी मोठा बदल करावाच लागेल. पण साध्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातली, तर तेच मशीन टायपिंग-छपाईच्या कामाला पुरतं. तापकीर गल्लीत किंवा जिथे कुठे पार्ट घ्यायला जाल, तिथे जुन्या रॅमच्या स्टिकरचा फोटो न्या. पीसी३ म्हणजे डीडीआर३, पीसी४ म्हणजे डीडीआर४, आणि एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.