गारपीट आणि घराचं छप्पर: या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात छपराची कामं निघतात ती मे महिन्याच्या अखेरीस, मृग तोंडावर आल्यावर. गारा मात्र वळवाच्या पावसात, सहसा मार्च ते मे या काळात पडतात, तेही बहुतेक वेळा दुपारी तीन-चारनंतर. आधी वावटळ येते, मग गारा, मग पाऊस. सैल झालेलं छप्पर या तिन्ही माऱ्यांना तसंच सामोरं जातं. म्हणून पाहणीची पहिली फेरी पाडव्याच्या आत उरका आणि दुसरी प्रत्येक गारपिटीनंतर करा. मेअखेरची शाकारणी ही तिसरी फेरी. तोवर कामगार मिळणं अवघड झालेलं असतं.

‘आमच्याकडे गारा पडत नाहीत’

गारांचा पट्टा अरुंद असतो, अनेकदा काही किलोमीटरच रुंद. एका गावात कौलं फुटतात आणि शेजारच्या गावात नुसता शिडकावा होतो. पर्जन्यमापकात गार वितळून मिलिमीटरमध्ये मोजली जाते, त्यामुळे पावसाच्या आकड्यांवरून गारपिटीचा इतिहास कळत नाही. तो माणसांकडून आणि कागदांतून गोळा करावा लागतो. अथणीकडच्या द्राक्ष बागायतदारांना विचारा. बाग झोडपली गेलेली तारीख ते विसरत नाहीत. तलाठ्याकडचे पीकनुकसानीचे पंचनामे आणि वाचनालयातले वर्तमानपत्रांचे जुने अंक पाहा. मागची पंधरा-वीस वर्षं धुंडाळा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाला गारपिटीने झोडपलं होतं. त्या आठवड्यांत तुमच्या शिवारात नेमकं काय झालं, तिथपासून सुरुवात करा.

गारा किती वेळा पडल्या यापेक्षा त्या केवढ्या होत्या हे महत्त्वाचं. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पडण्याचा वेगही वाढतो आणि माऱ्याचा जोर जवळपास सोळापट होतो. एक सेंटिमीटरची गार अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरते, तर तीन सेंटिमीटरची बारा-तेरा ग्रॅम. त्यामुळे ‘लिंबाएवढी’, ‘बोराएवढी’ असं लिहून ठेवू नका. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते गारेशेजारी ठेवून, गार वितळायच्या आत फोटो काढा. सोबत तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. पुढच्या वर्षी छपराची कोणती बाजू आधी तपासायची ते या नोंदीवरून ठरेल.

कौलं: सिमेंट थापू नका

मंगळुरी कौल रिपेवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, नीट बसलेलं असेल तर बराच मार सोसतं. रीप वाकली किंवा कौल सरकलं की ते डुगडुगतं, आणि आधार नसलेल्या जागी गार बसली की तडकतं. बारीक तडा खालून दिसत नाही. कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा. चांगलं कौल खणखणतं, तडकलेलं बद्द वाजतं.

तड्यावर सिमेंट थापणं ही सर्वात जास्त आढळणारी चूक. भट्टीत भाजलेली माती आणि सिमेंट उन्हात सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे एका उन्हाळ्यात भेग पुन्हा उघडते. शिवाय शेजारचं कौलही त्यात चिकटून बसतं आणि पुढे एकाच्या जागी दोन-तीन कौलं फोडावी लागतात. तडकलेलं कौल बदला. शंभर चौरस फुटांना सुमारे १४० कौलं लागतात. एकूण संख्येच्या पाच टक्के कौलं घरात राखून ठेवा, आणि तीही त्याच छापाची. छाप वेगळा असला की खाचा जुळत नाहीत आणि जोडातून पाणी आत येतं. जुने कारखाने बंद पडत चालले आहेत, म्हणून पाडकामाच्या घरातून त्याच छापाची कौलं मिळाली तर घेऊन ठेवा. आढ्यावरच्या कोन्यांच्या जोडातला चुना-सिमेंट मात्र दर वर्षी तपासा. तिथे ते हवंच असतं.

सिमेंटचे पत्रे: जिवाचा धोका

जुना सिमेंट पत्रा ठिसूळ होतो. गारपिटीनंतर भोक पाहायला कोणी चढतो आणि पत्र्यासकट खाली कोसळतो. पत्र्यावर थेट पाय कधीही ठेवू नका. दोन कैच्यांमधल्या (छप्पर तोलणाऱ्या तिकोनी चौकटींमधल्या) आडव्या आधारांवर टेकेल अशी लांब, जाड फळी टाका आणि तिच्यावरूनच सरका. सहा मिलिमीटरच्या पत्र्याला हे आधार एकमेकांपासून १.४ मीटरपेक्षा लांब नकोत. अंतर जास्त असेल तर गारेचा तडा पहिल्यांदा मधोमध जातो. लहान भेग साफ करून, पूर्ण वाळवून वरून डांबरी चिकटपट्टी लावा. भेग आरपार आडवी गेली असेल तर पत्रा बदला. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतो, त्यामुळे तुकडे कोरडे झाडू नका; पाणी मारून मास्क लावून उचला.

लोखंडी पत्र्याला भोक सहसा पडत नाही, खळगा पडतो. खळग्यावरचा रंग तडकला की तिथून गंज सुरू होतो. दुसऱ्या आठवड्यात तिथे प्रायमर आणि रंग लावा. पत्रा उडू नये म्हणून वर दगड किंवा टायर ठेवणं थांबवा. वावटळीत तेच दगड खाली येतात. पैसे हुक आणि रबरी वायसरवर खर्च करा.

स्लॅब आणि सोलर

स्लॅब गारेने फुटत नाही. तिथे तुंबतो तो पाणी जाण्याचा पाइप. गारा आणि पालापाचोळा तोंडाशी अडकतो आणि पाणी कठड्याच्या मुळाशी साचतं. तोंडावर जाळी बसवा. सोलर पॅनेलची प्रमाणित चाचणी २५ मिलिमीटरच्या बर्फगोळ्याने, सेकंदाला २३ मीटर वेगाने होते. गार दहाच्या नाण्याएवढी किंवा त्याहून मोठी होती, तर काच शाबूत दिसली तरी वीजनिर्मितीचे आकडे महिनाभर पाहा. पाणी तापवणाऱ्या काचेच्या नळ्या त्याहून नाजूक. तापलेल्या नळीत भर दुपारी थंड पाणी सोडू नका. नळी तडकेल.

गारा थांबल्यावर

वीज कडाडणं बंद झाल्याशिवाय आणि गारा वितळल्याशिवाय वर चढू नका. आधी दिवसा घरात अंधार करून आतून पाहा. उजेडाचे ठिपके दिसतात तिथे फट आहे. मग अंगणातून मोबाइलचा झूम वापरा. काहीही आवरायच्या आधी फोटो काढा आणि त्याच दिवशी ग्रामपंचायत किंवा तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घराचा विमा असेल तर कंपनीलाही कळवा. पॉलिसीत वादळ असतं, पण गारपीट त्यात धरली आहे का हे विमा घेतानाच लेखी विचारा. जीर्ण छपराची झीज विम्यात येत नाही, म्हणून गारपिटीआधीचे, तारीख असलेले फोटो हाताशी हवेत.

शेवटी पाण्याची चाचणी. होज वळचणीकडून सुरू करून आढ्याकडे न्या, प्रत्येक पट्ट्यावर दहा मिनिटं पाणी सोडा आणि एकाला आत उभं करा. वरून सुरुवात केली तर पाणी खाली वाहत जातं आणि गळती नेमकी कोणत्या जोडातली, ते ओळखता येत नाही.