नर्सिंगमधलं पुढचं पाऊल टाकताना या चुका टाळा

पुढे काय करावं हे विचारायला येणाऱ्या नर्सेस बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन येतात: "मॅडम, वॉर्डातून बाहेर पडायचंय." कुठे जायचंय, हे मग मलाच विचारावं लागतं. चूक इथूनच सुरू होते, आणि सल्ला देणारे आम्ही ट्यूटर कित्येकदा ती पक्की करून टाकतो. म्हणून हे दोघांसाठीही लिहिते आहे.

वॉर्ड पुरता कळायच्या आत शिकवायला येणं

परीक्षेत पहिली आली, बोलते छान, की लगेच कोणीतरी सुचवतं, तू क्लिनिकल इन्स्ट्रक्टर हो. नाइट ड्यूटी नाही, वेळ ठरलेली. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

अशीच एक हुशार मुलगी मेडिकल वॉर्डात जेमतेम सहा महिने काढून शिकवायला लागली. व्हायटल साइन्सचा (नाडी, ताप, श्वास, बीपी) तास तिने इतका नेटका घेतला की मागे बसून ऐकताना मला समाधान वाटलं. त्याच आठवड्यात वॉर्डात तिची विद्यार्थिनी सांगत आली, "मॅडम, चार नंबरचे आजोबा सारखे उठून बसताहेत, काहीतरी असंबद्ध बोलताहेत." तिने चार्ट पाहिला. बीपी ठीक, ताप किरकोळ, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 94, श्वसन 18. "लक्ष ठेव," म्हणून ती पुढच्या बेडकडे वळली.

इन्चार्ज सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन तिथूनच चालल्या होत्या. त्यांनी चार्ट उघडलाही नाही. ट्रॉली थांबवली, आजोबांच्या छातीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. 28 भरले. चार्टवरचा 18 कोणी मोजलेलाच नव्हता, आदल्या पाळीचा आकडा तसाच उतरवला होता. डॉक्टरांना बोलावलं. न्यूमोनियातून सेप्सिस, म्हणजे संसर्गाने शरीरभर होणारा जीवघेणा बिघाड, सुरू झाला होता. वेळेत कळलं म्हणून आजोबा वाचले.

त्या मुलीला पुस्तकातलं सगळं येत होतं. मोठ्या माणसाचं श्वसन मिनिटाला 12 ते 20, हे तिनेच फळ्यावर लिहिलं होतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017मध्ये आणलेल्या, पेशंट बिघडतोय का हे ओळखायच्या न्यूज-टू गुणपद्धतीत श्वसन 25 किंवा त्याच्या वर गेलं की 3 गुण, नव्याने आलेल्या गोंधळलेपणाला 3 गुण, आणि एकाच नोंदीला 3 मिळाले तरी डॉक्टरांना तातडीने कळवायचं, हेही तिने घडाघडा सांगितलं असतं. पण एकाखाली एक तेच 18 दिसले की खटकलं पाहिजे, आणि ते खटकणं पेशंटजवळ उभं राहून राहूनच येतं. अमेरिकन नर्सिंग अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984मध्ये नवशिक्या नर्सपासून तज्ज्ञ नर्सपर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. त्यातल्या तिसऱ्या, म्हणजे सक्षमतेच्या पायरीला पोचायला त्यांनी एकाच प्रकारच्या कामातली दोन-तीन वर्षं धरली आहेत. एका विभागात दोन वर्षं झाल्याशिवाय मी कोणाचंही नाव शिकवण्यासाठी सुचवत नाही. घाईत असलेल्यांना राग येतो. येऊ दे.

ती मुलगी पुन्हा वॉर्डात गेली, मग आयसीयूत रमली. काही वर्षांनी शिकवायला परतली, तेव्हा तिच्या विद्यार्थिनी न सांगता घड्याळ हातात धरून पूर्ण मिनिट मोजायच्या.

थकव्यावर उपाय म्हणून पुढची पदवी

कॉलेजात शिकलेलं आणि वॉर्डात दिसणारं यातल्या तफावतीने नव्या नर्सला बसणारा धक्का अमेरिकन नर्सिंग संशोधक मार्लिन क्रेमर यांनी 1974मध्येच मांडला होता. आधी उत्साह, मग धक्का, मग हळूहळू सावरणं. पहिल्या वर्षात थकून पुढच्या पदवीला जायचे बरेचसे निर्णय त्या धक्क्यातलेच असतात. आधी विभाग बदलून पाहा. तिथेही मन लागलं नाही, तर मग प्रवेशाचा अर्ज भरा.

प्रमाणपत्रं गोळा करत सुटणं

बीएलएस, एसीएलएस या जीवरक्षक उपचारांच्या कोर्सची अमेरिकन हार्ट असोसिएशनची कार्डं दोन वर्षंच चालतात. दिशा ठरायच्या आधी केलेले कोर्स हवे तेव्हा मुदत संपून फाइलीत पडलेले असतात. आधी काम ठरवा.

परदेशाची उलटी सुरुवात

पहिला फोन एजंटला, दुसरा भाषेच्या क्लासला, आणि त्या देशाच्या नर्सिंग नियामक संस्थेची वेबसाइट उघडायची ती सगळ्यात शेवटी. हा क्रम मला अजिबात मान्य नाही. प्रत्येक देशाची वाट वेगळी आहे. अमेरिकेत त्या त्या राज्याच्या बोर्डाची मान्यता आणि एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा. ब्रिटनमध्ये एनएमसी या नियामक संस्थेची कॉम्प्युटरवरची परीक्षा आणि नंतर प्रत्यक्ष कौशल्यांची ऑस्की. जर्मनीत जर्मन भाषेवाचून पानही हलत नाही.

आयईएलटीएस किंवा ओईटी या इंग्रजीच्या परीक्षांचा निकाल साधारणपणे दोन वर्षंच ग्राह्य धरतात. एका अनुभवी सिस्टरने जिवाचं रान करून ओईटी पास केली. मग कॉलेजकडून ट्रान्सक्रिप्ट (शिकलेल्या विषयांचा आणि गुणांचा दाखला) मिळता मिळेना, नोंदणीची पडताळणी रखडली, आणि कागद हातात आले तोवर निकालाची मुदत उलटली. परीक्षा पुन्हा, फी पुन्हा, रजा पुन्हा. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी कागदांच्या मागे लावते, भाषेच्या परीक्षेची तारीख त्यानंतर. आणि एजंट मूळ प्रमाणपत्रं स्वतःकडे ठेवायला मागत असेल, तर तिथून सरळ उठून यायचं.

थोडक्यात सांगण्यासारख्या

बॅचमेट कुठे पोचली, त्यावरून आपला रस्ता ठरवू नका.

शिकवणं, मॅनेजमेंट आणि परदेश यांपलीकडेही भरपूर काम आहे: संसर्ग नियंत्रण, डायलिसिस, जखमा आणि स्टोमाची (शस्त्रक्रियेने पोटावर केलेल्या मार्गाची) काळजी, पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास कमी करणारी सेवा), क्लिनिकल रिसर्च. ज्याचं आकर्षण वाटतं, त्या कामातल्या सिस्टरबरोबर परवानगी घेऊन एक पूर्ण पाळी काढा. कंटाळवाणा भागही बघा.

ट्यूटर मंडळींनो, आपण ज्या वाटेने आलो तीच समोरच्याला सांगू नका. आधी विचारा, गेल्या महिन्यातलं कोणतं काम करताना वेळ कसा गेला ते कळलं नाही? मग ऐकून घ्या.

आणि "स्टाफ नर्स म्हणून काम केले" एवढ्या एका ओळीचं अनुभवपत्र घेऊन नोकरी सोडू नका. विभाग, बेडची संख्या, पेशंट कोणत्या प्रकारचे, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, हे सगळं त्यात हवं. तुमचं काम पाहिलेल्या इन्चार्ज सिस्टर तिथे आहेत तोवरच मसुदा त्यांच्या नजरेखालून घालून घ्या.