इजिप्तचे फोटो घरी आल्यावर ओळखू येण्यासाठी

नाईल क्रूझमध्ये एडफू आणि कोम ओम्बो ही दोन देवळं पाठोपाठ होतात. घरी आल्यावर कुठला खांब कुठल्या देवळातला, हे काही केल्या आठवत नाही.

१. गेटवर गाइडकडून एक तिकीट मागून घ्या. पहिला फोटो त्याचाच. पुढचे सगळे फोटो त्या देवळाचे.

२. राजांच्या खोऱ्यात अनेक थडगी आहेत, तिथे नुसता तिकिटाचा फोटो पुरत नाही. प्रत्येक थडग्याबाहेरच्या क्रमांकाच्या पाटीचा फोटो आत शिरण्याआधीच घ्या.

३. गाइड एखादं शिल्प समजावत असेल, तर फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. कोम ओम्बोतला मगरीच्या तोंडाचा सोबेक देव आणि त्याची माहिती, दोन्ही एकत्र राहतात. मला हे सगळ्यात उपयोगी पडलं.

थडग्यांत फ्लॅश मात्र बंदच ठेवा.