रस्त्याकडेचं जुनं झाड मिळून कसं जपावं?

रस्त्याकडेचं शंभर-दीडशे वर्षांचं झाड वाळायला लागलं की सगळे मान वर करून फांद्यांकडे बघतात. दुखणं बहुतेकदा जमिनीत असतं. वाहनांच्या नि पावलांच्या वजनाने माती घट्ट होत जाते, तिच्यात हवा उरत नाही, पाणी मुरत नाही आणि मुळं गुदमरतात. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी जमिनीच्या वरच्या अर्ध्या मीटरमध्ये असतात आणि फांद्यांच्या सावलीपलीकडेही बरीच लांब गेलेली असतात. त्यामुळे झाड जपायला जमलेल्या गटाने सुरुवात मातीपासून करावी.

आधी परवानगी

झाड कोणाच्या ताब्यात आहे ते शोधा: रस्ता सांभाळणारं खातं, स्थानिक संस्था की शेजारचा जमीनमालक. लेखी परवानगी घ्या आणि त्याच अर्जात एक विनंती घाला, की झाडाजवळ कुठलंही खोदकाम ठरलं तर आम्हाला आधी कळवावं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग या एका ओळीचा होतो.

झाडाचा इतिहासही कागदावर आणा. जुने नकाशे, छायाचित्रं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी तारीख घालून लिहून ठेवा. वयाबद्दल मात्र जपून बोला. घेरावरून काढलेलं वय हा अंदाज असतो, आणि फुगवलेला एक आकडा उघडा पडला की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

घेर मोजा, वर्तुळ आखा

जमिनीपासून साधारण १.३ मीटर उंचीवर खोडाभोवती टेप गुंडाळून घेर मोजा. खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ हे मुळांचं जपायचं क्षेत्र, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ नियम आहे. सोपं गणित म्हणजे घेराच्या जवळजवळ चौपट. घेर ४ मीटर असेल तर खोडापासून सुमारे १५ मीटरपर्यंतची माती झाडाची समजा. रस्त्याच्या बाजूला एवढी जागा मिळणार नाहीच. मग दुसऱ्या बाजूची जितकी मिळेल तितकी राखा. तिथे गाड्या लागू नयेत, वाळू-खडी पडू नये, राडारोडा टाकला जाऊ नये. दगड किंवा लाकडी खांब रोवूनही हे जमतं. खड्डा घेताना मूळ लागलं तर खांब थोडा सरकवा.

पालापाचोळा आणि पाणी

या वर्तुळात पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या भुशाचा ५ ते १० सेंटीमीटर थर द्या. बुंध्याला तो टेकू देऊ नका, वीतभर जागा मोकळी सोडा. सालीला सतत ओल राहिली की ती कुजते. वरून मातीचा भराव घालू नका आणि कुदळीने खणूही नका. थराखाली गांडुळं नि सूक्ष्मजीव माती हळूहळू सैल करतात. त्याला वर्षं लागतात, तेवढा धीर धरावा लागतो. बुंध्याशी सिमेंट असेल तर जाणकाराच्या देखरेखीखाली, हाताने, थोडं थोडं काढा.

जुन्या झाडाला रोज पाणी लागत नाही. लांबलेल्या कोरड्या दिवसांत मात्र द्या, तेही बुंध्यावर ओतू नका. फांद्यांच्या टोकांखालच्या पट्ट्यात सावकाश मुरू द्या. लोखंडी सळई टोचून पाहा. वीतभराहून जास्त खोल सहज गेली तर पाणी पोचलं.

मायेपोटी होणारी इजा

याबद्दल मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण ही इजा प्रेम करणाऱ्यांच्याच हातून होते. ढोलीत सिमेंट भरू नका. खोडाचा गाभा मृत लाकडाचा असतो. झाड जगतं ते सालीखालच्या थरांवर. त्यामुळे पोकळ झाड वर्षानुवर्षं उभं राहू शकतं, आणि सिमेंटने मात्र आत ओल कोंडते. छाटलेल्या जागी डांबर किंवा रंग फासू नका. झाड जखमेभोवती स्वतःच आडभिंत घालून कुजणं रोखतं. छाटणी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर करायची असते. ते काम प्रशिक्षित माणसाचं; स्वयंसेवकांनी करवत घेऊन झाडावर चढू नये.

खिळे, पाट्या, रोषणाईच्या तारा काढा. सालीने गिळलेली तार उपसू नका, बाहेरचा भाग कापून सोडून द्या.

मूळ खोड गेलं म्हणून आशाही सोडू नका. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचं बुरशीने पोखरलेलं मूळ खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं. तो वड आज पारंब्यांच्या आधारावर पसरला आहे.

पाळी लावा, नोंद ठेवा

दर महिन्याला ठरलेल्या जागेवरून एक फोटो काढा. पानं विरळ होणं, फांद्या शेंड्याकडून वाळणं, बुंध्याशी भूछत्रं उगवणं, खोड नव्याने कलणं, मुळांपाशी जमिनीला भेग पडणं, यातलं काहीही दिसलं तर वहीत लिहा. शेवटच्या दोन गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी संबंधित खात्याला कळवा आणि झाडाखाली कोणाला थांबू देऊ नका.

टेहळणी कशाला, असं वाटेल. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातल्या ‘ट्रीटी ओक’ला १९८९ साली कोणीतरी जहाल तणनाशक घातलं. माती बदलली, झऱ्याचं पाणी घातलं, सावली केली, तेव्हा जवळपास एक तृतीयांश झाड वाचलं.

चर खोदायला माणसं आलीच तर परवानगीचा कागद दाखवा आणि मुळांखालून बोगदा काढून नळ किंवा केबल नेण्याचा आग्रह धरा. २.५ सेंटीमीटरपेक्षा जाड मुळं तोडू देऊ नका. उघडी पडली तर माती परत लोटेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवा.