पाने किती खाल्ली? कोकण, घाटमाथा आणि देशावर किडींचे खाणे मोजण्याची रीत

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर पूर्वेला वाईत तो हजाराच्या आत येतो आणि पुढे माण-खटावकडे पाचशेच्या आसपास उतरतो. पश्चिमेला घाट उतरला की कोकणात पुन्हा तीन हजारांच्या घरात. हवामान आणि भूगोल यांमुळे झाडांवरच्या किडींचे खाणे कसे बदलते हे पाहायचे असेल, तर याहून सोयीची जागा शोधूनही सापडायची नाही. लागते ते फार थोडे: दोन माणसे, आलेखाचा कागद, दोरा आणि सातत्य.

बहुतेक मोजण्या एकाच चुकीने वाया जातात. ऑगस्टमधल्या एकाच आठवड्यात तिन्ही ठिकाणी जाऊन पाने पाहिली जातात आणि ‘कोकणात कीड जास्त’ असा निष्कर्ष निघतो. पण त्या आठवड्यात एका ठिकाणचे पान तीन महिन्यांचे असते, दुसऱ्या ठिकाणचे तीन आठवड्यांचे. जास्त दिवस झाडावर राहिलेले पान जास्त खाल्लेले दिसणारच. म्हणून तारीख जुळवू नका, पानाचे वय जुळवा. पुढची सगळी रीत या एका गोष्टीसाठी आहे.

झाड कोणते घ्यावे

तिन्ही पट्ट्यांत एकच जात हवी. साग कोकणात आणि देशावर दोन्हीकडे आहे, पण घाटमाथ्याच्या सदाहरित रानात तो मिळत नाही. जांभूळ तिन्हीकडे मिळते, त्याचे पान हाताळायला सोपे असते आणि कोवळी पालवी तांबूस असल्याने लांबूनही ओळखू येते. म्हणून मुख्य मोजणी जांभळावर करा. साग जोडीला ठेवा, त्याच्यावरच्या दोन अळ्या हवामानाचा फरक फार स्पष्ट दाखवतात. त्यांच्याबद्दल पुढे.

जांभळात एक फसगत आहे. देशावर ते ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला किंवा पाटाच्या बांधावर वाढते. वर पाऊस पाचशे मिलीमीटर असला तरी मुळांना पाणी असते, त्यामुळे ते झाड ‘कोरड्या हवामानातले’ ठरत नाही. प्रत्येक झाडाचे पाण्यापासूनचे अंतर पावलांनी मोजून लिहा, आणि देशावरची निम्मी झाडे तरी पाण्यापासून दूरची शोधा. ही नोंद नसेल तर पर्जन्यछायेबद्दल काढलेला कुठलाही निष्कर्ष पोकळ राहतो.

प्रत्येक पट्ट्यात तीन जागा, एकमेकींपासून काही किलोमीटर दूर. प्रत्येक जागी दहा झाडे, प्रत्येक झाडाच्या तीन फांद्या, प्रत्येक फांदीवर दहा पाने. म्हणजे एका जागी तीनशे पाने, एकूण दोन हजार सातशे. फांद्या सगळीकडे दीड ते तीन मीटर उंचीवरच्याच घ्या, कारण उन्हातले शेंड्याचे पान आणि सावलीतले खालचे पान यांत जाडीचा आणि चवीचा फरक असतो. डांबरी रस्त्याला लागून असलेली धुळीने माखलेली झाडे टाळा. राखीव जंगलात आणि अभयारण्यात वनविभागाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय दोरासुद्धा बांधू नका. देवराई असेल तर गावकऱ्यांना आधी विचारा.

खूण आणि पहिली फेरी

पालवी फुटायच्या आधी फांदी निवडा. पाने फुटल्यावर निवडली तर नजर आपोआप भोके पडलेल्या फांदीकडे जाते. डोळे मिटून फांदी धरणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे.

जिथून नवी वाढ सुरू होणार त्या डोळ्याच्या खाली नायलॉनचा दोरा सैल बांधा आणि त्यात क्रमांकाची पट्टी अडकवा. कागदी पट्टी घाटमाथ्यावर दोन आठवडेही टिकत नाही. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर बॉलपेनने दाबून क्रमांक कोरला की तो वर्षभर वाचता येतो. पाने मोजताना खुणेपासून शेंड्याकडे मोजत जा. शेंड्यापासून सुरुवात केली तर नवे पान आले की सगळे क्रमांक सरकतात.

पालवी पूर्ण उलगडल्यावर सात दिवसांनी पहिली मोजणी, तिसाव्या दिवशी दुसरी, नव्वदाव्या दिवशी तिसरी. प्रत्येक जागेचा ‘पहिला दिवस’ वेगळा असेल, तसाच तो असू द्या.

किती खाल्ले ते ठरवणे

प्रत्येक पानाला अंदाजाने वर्ग द्या: अजिबात नाही, १ ते ५ टक्के, ६ ते २५, २६ ते ५०, ५१ ते ७५, ७६ ते ९९, आणि फक्त देठ उरलेले. हिशेबाला या वर्गांसाठी अनुक्रमे ०, ३, १५, ३८, ६३, ८८ आणि १०० हे आकडे धरा. सराव झाल्यावर एका पानाला दहा-पंधरा सेकंद लागतात, म्हणजे एका जागेची तीनशे पाने सव्वा तासात होतात.

अंदाज करणारा डोळा आधी घडवावा लागतो. कार्डबोर्डची पंचवीस ‘पाने’ कापा, मोजून भोके पाडा, मागे खरी टक्केवारी लिहा आणि दोघांनीही न बघता वर्ग सांगा. छोटी-छोटी भोके बरीच असली की डोळा नुकसान फुगवून सांगतो. दोघांचे वर्ग पंचविसांपैकी बावीस वेळा जुळेपर्यंत रानात जाऊ नका.

प्रत्येक दहावे पान जाळीने तपासा. पारदर्शक प्लास्टिकवर अर्ध्या सेंटिमीटरवर एक असे ठिपके काढा (सागासाठी एक सेंटिमीटरवर), पान न तोडता त्याच्यावर धरा. मूळ पानात येणारे सगळे ठिपके आणि खाल्लेल्या भागात पडणारे ठिपके मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभराने गुणा. कड खाल्लेली असेल तर मूळ आकार कसा कळणार? पान मुख्य शिरेवर हलकेच दुमडा, शाबूत अर्ध्याची कड दुसऱ्या अर्ध्याचा आकार सांगते. फोटो काढून इमेज-जे या मोफत संगणक प्रणालीत मोजणेही चालते; फोटोत मापपट्टी हवी आणि पान सपाट हवे.

नोंद टक्क्यांत ठेवा, चौरस सेंटिमीटरमध्ये नाही. कोवळ्या पानाला पडलेले भोक पानाबरोबर वाढते. क्षेत्रफळ मोजले तर तेवढे सगळे अळीने खाल्ले असे वाटेल, टक्केवारी मात्र जवळपास तीच राहते.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा, जो बहुतेकांच्या वहीत नसतोच: संपूर्ण खाल्लेली पाने. समजा एका झाडाच्या तीस पानांपैकी बारा कोरी, दहा ‘३’ची, पाच ‘१५’ची, दोन ‘३८’ची आणि एकाचे फक्त देठ उरले आहे. बेरीज २८१, सरासरी ९.४ टक्के. ते देठ ‘पान नाही’ म्हणून सोडून दिले तर १८१ भागिले २९, म्हणजे ६.२ टक्के. एका देठाने एक तृतीयांश नुकसान गायब केले. खूण न करता एकदाच पाहणी करणारा नेमका इथे चुकतो. पान देठासकट गळलेले असेल तर ते वेगळ्या रकान्यात लिहा, कारण ते वाऱ्याने गेले की किडीने, हे सांगता येत नाही.

आधी प्रत्येक झाडाची सरासरी काढा, मग जागेची. तीनशे पाने म्हणजे तीनशे स्वतंत्र पुरावे नव्हेत, एका झाडाची पाने एकाच नशिबाची असतात. आणि झाडाझाडांतला फरक पुसून टाकू नका. एका जागी सगळी झाडे आठ-दहा टक्के आणि दुसरीकडे नऊ झाडे कोरी, एक ओरबाडलेले, असे निघाले तर सरासरी सारखी येऊनही गोष्ट निराळी असते.

किडीचे नसलेले नुकसान

कोकणच्या किनाऱ्यालगत खाऱ्या वाऱ्याने पानाची कड करपते. करपलेला भाग पानावरच असतो, कुरतडलेला नसतो. घाटमाथ्यावर जोराच्या वाऱ्याने पाने फाटतात. चीर शिरांच्या मधून सरळ जाते आणि तुकडा लोंबत राहतो. कडेला कंपासने काढल्यासारखे अर्धवर्तुळ दिसले तर ते पानकापी मधमाशीचे काम, ती तो तुकडा घरट्याला नेते, खात नाही. सागाच्या पानामागे नारिंगी पूड असेल तर तो तांबेरा, म्हणजे बुरशी. पानावरच्या गाठी आणि नागमोडी पांढऱ्या वाटा किडींच्याच आहेत, पण त्या वेगळ्या रकान्यात लिहा; चावून खाण्यात मिसळू नका.

हवामान आणि पानाचा कणखरपणा

राज्य सरकारच्या महावेध या हवामान-नोंदीच्या प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. देशावर तेवढी नोंद चालून जाते, घाटमाथ्यावर मात्र दोन-तीन किलोमीटरवर पाऊस बदलतो. तिथे स्वतःचे पर्जन्यमापक ठेवा. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याला एक मिलीमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलीलीटर पाणी. एका दिवसात तीनशे मिलीमीटर पडला तर साडेनऊ लीटर जमते; पाच लीटरचा कॅन भरून वाहील आणि कळणारही नाही. दहा लीटरचा कॅन लावा.

पानाचा कणखरपणा घरगुती साधनाने मोजता येतो. एकावर एक ठेवलेल्या दोन फळ्यांना आरपार भोक पाडा, मध्ये पान धरा, भोकात सपाट टोकाची तीन मिलीमीटरची सळई उभी करा आणि तिच्यावर ठेवलेल्या बाटलीत हळूहळू पाणी ओता. सळई पानातून आरपार जाईल तेव्हाचे सळई आणि बाटलीचे मिळून वजन ग्रॅममध्ये लिहा. मुख्य शीर टाळा. ही पाने खूण नसलेल्या फांदीवरची घ्या.

हा आकडा का हवा, ते साग सांगतो. त्याची मोठी शत्रू, पाने खाणारी अळी, पावसाबरोबर फुटलेल्या मऊ पालवीवर तुटून पडते आणि मुख्य शिरा तेवढ्या शिल्लक ठेवते. ती काळपट असते, कड कापून पान दुमडते आणि त्या घडीत बसून खाते. दुसरी, जाळी करणारी अळी, पावसाळ्याच्या उत्तरार्धात जून पानांवर येते आणि शिरांमधला हिरवा गर खाऊन पानाची चाळण करते. म्हणजे ‘किती खाल्ले’ याबरोबर ‘कोणत्या वयाचे पान खाल्ले’ हेही नोंदवले तर तिथला पाऊस कसा पडला हे पानावर वाचता येते. पालवी एकाच वेळी फुटली की पहिलीला मेजवानी. मान्सूनपूर्व सरींनी ती टप्प्याटप्प्याने फुटली की झाडांवरचा हल्लाही विखुरतो. केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूरच्या कोवळ्या सागवनांत अळीपासून वाचवलेल्या आणि न वाचवलेल्या झाडांची तुलना केली, तेव्हा न वाचवलेल्यांची लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. झाडे मरत नाहीत, पुन्हा पालवतात, म्हणून हे नुकसान दिसत नाही.

उष्ण हवेत या अळीची अवस्था दहा-बारा दिवसांत उरकते. सागासाठी जांभळाचे वेळापत्रक वापरू नका, जून-जुलैत दर सात दिवसांनी जा. पंधरा दिवसांची फट पडली तर सगळा उद्रेक येऊन गेलेला असतो आणि हाती फक्त शिरा लागतात.

देशावर आणखी एक पाहुणा दिवसा सापडत नाही. पहिला दमदार वळीव झाला की हुमणीचे (पिकांची मुळे खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांची पाने रातोरात खातात. सकाळी झाड खाल्लेले आणि अळी कुठेच नाही, असे दिसले तर त्याच रात्री साडेआठच्या सुमारास विजेरी घेऊन जा, फांदी चादरीवर हलवा आणि पडलेले भुंगेरे मोजा. शेत जवळ असेल तर ते रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका.

एका वर्षाच्या आकड्यावर पट्ट्यांची तुलना करू नका. मान्सून दहा दिवस उशिरा आला तरी पालवीचा आणि अळीचा मेळ बदलतो. निदान तीन पावसाळे त्याच झाडांवर मोजा. दर मे महिन्यात जाऊन दोरे सैल करा, नाहीतर फांदी जाड होऊन दोरा सालीत रुततो आणि तिथून पुढची फांदी वाळते.